लेंडीचं वय : लाल पांडा प्रकल्पाच्या नोंदी

१८ सप्टेंबर, दार्जिलिंग

कामाचा विषय एका ओळीत सांगायचा तर असा: लाल पांडाची लेंडी पडून किती दिवस झाले, हे तिच्याकडे बघून सांगता येईल का? ऐकणारा आधी हसतो. पण जंगलात हा प्राणी मोजण्याचं गणित शेवटी इथेच येऊन अडतं. लाल पांडा एकटा राहतो, दिवसातला बराच वेळ झाडावर झोपून काढतो आणि तांबूस शेवाळ, पांढरट दगडफूल चढलेल्या फांदीवर असा मिसळून जातो की खाली उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून सर्वेक्षणात प्राणी मोजत नाहीत, लेंड्यांचे ढीग मोजतात. ढीग कालचा की दोन महिन्यांपूर्वीचा, हे कळलं नाही तर एकाच पांडाचे तीन होतात, नाहीतर केव्हाच निघून गेलेल्याची हजेरी लागते.

पडल्याची वेळ पक्की ठाऊक असलेली लेंडी मिळते ती प्राणिसंग्रहालयातच. इथलं पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय १९५८ सालचं, समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरच्या आसपास. लाल पांडांचं संवर्धन-प्रजनन इथे गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकापासून चालू आहे. त्यासाठीचं तोपकेदाराचं केंद्र पर्यटकांच्या वाटेपासून लांब आहे.

सरांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली: बंदिस्त प्राण्याची एकही लेंडी सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात जाणार नाही. जंत असतील, विषाणू असतील, आपल्या प्रयोगापायी ते जंगलात कशाला? त्यामुळे कामाचे दोन भाग झाले. प्राणिसंग्रहालयाच्या आवारात वेळ ठाऊक असलेल्या लेंड्या मांडायच्या. सिंगालीलाच्या जंगलात ज्या अगदी ताज्या सापडतील त्या जागच्या जागी खूण करून ठेवायच्या आणि परत परत जाऊन बघायच्या. दोन्हींचा मेळ बसतो का, ते शेवटी पाहू.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, म्हणून मांडणी आजच उरकली. सकाळी कीपरदाजूंनी, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या दादांनी, एन्क्लोजर साफ करण्याआधी आम्हाला आत बोलावलं. जागा शोधावी लागत नाही. लाल पांडा ठरलेल्या ठिकाणीच जातो: एक आडवा ओंडका, एक कोपरा, एक रुंद फांदी. तिथेच ढीग वाढत जातो.

ताजी लेंडी हातमोज्यावर घेऊन पाहिली. दोन्ही टोकांना निमुळती, गडद हिरवी, वर श्लेष्माचा पातळ चकाकता थर. वास जवळजवळ नाहीच, असलाच तर कापलेल्या गवताचा. चिमट्याने उकलली तर आत बांबूच्या पानांचे तुकडे जसेच्या तसे, शिरा मोजता येतील इतके शाबूत. या प्राण्याची अडचण इथे उघडी पडते. पोट मांसाहारी कुळातलं, आतडं आखूड, आणि खाणं मात्र बांबूचं. पानं तीन-चार तासांत पोटातून बाहेर पडतात आणि त्यातला जेमतेम पाव भाग अंगी लागतो.

मांडणी तीन ठिकाणी केली: उघड्यावर, झाडाच्या सावलीत आणि मालिंगो बांबूच्या दाट गर्दीखाली. प्रत्येक जागी काही लेंड्या मातीवर, काही शेवाळलेल्या लाकडावर. शेजारी पावसाचं मापक आणि तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. माकडांनी उचकटू नये म्हणून वर जाळी.

२१ सप्टेंबर

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे आंतरराष्ट्रीय लाल पांडा दिन. २०१० पासून पाळतात. शाळांची रांग सकाळपासून. कागदी मुखवटे, घोषणा, धमाल. आम्ही लांबूनच एक गोष्ट टिपली: गर्दी वाढली तशी प्रौढ मादी झाडावर वर वर सरकत गेली आणि दुपारपर्यंत उतरलीच नाही. संध्याकाळी ठरलेल्या जागी ढीगही नव्हता. तो दुसऱ्या दिवशी फांदीच्या बेचक्यात, बराच उंचावर सापडला. जंगलाच्या फॉर्ममध्ये ‘जमिनीपासून उंची’ असा रकाना होताच. त्याच्या शेजारी आता ‘वाटेपासून अंतर’ असा आणखी एक टाकला आहे.

२४ सप्टेंबर

आजचा दिवस खाणं बघण्यात गेला आणि सार्थकी लागला.

मोठा पांडा बांबूचं खोडसुद्धा कडाकडा चावतो. लाल पांडाचं तसं नाही. तो बसतो, डहाळी एका हाताने ओढून घेतो आणि पानं एकेक करून तोडतो. मनगटातलं एक लहान हाड वाढून त्याला सहावं बोट असल्यासारखा आधार मिळाला आहे, त्यात डहाळी अडकते. पानाचा शेंडा आधी, देठाकडचा भाग पुष्कळदा तसाच सोडलेला. जून, किडलेली पानं नाकाला लावून बाजूला. वजन जेमतेम तीन ते सहा किलो, आणि रोजचं खाणं वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. पिल्लांना पाजणारी मादी याच्याही पुढे जाते.

एवढ्या कमी कसाच्या अन्नावर जगायचं म्हणजे खर्चही बेतानेच करावा लागतो. चयापचय मंद, हालचाल मोजकी. थंडीत तो स्वतःला गुंडाळून घेतो आणि शेपूट तोंडावर ओढतो. तळव्यांवरही केस. उकाडा मात्र त्याला सोसत नाही. पारा २५ अंशांच्या वर गेला की त्रास सुरू होतो, म्हणून उष्ण हवेच्या शहरांमधली प्राणिसंग्रहालयं त्याच्यासाठी थंड केलेली खोली राखतात. दार्जिलिंगला ती गरज नाही, हे या जागेचं मोठं सुख.

कीपरदाजू म्हणाले, “बैनी (धाकटी बहीण), याला खायला घालणं कठीण नाही. रोज ताजं पान आणणं कठीण आहे.” खरंच आहे. पान दोन-तीन तासांत मलूल झालं की हे महाशय तोंड फिरवतात. फांद्या पाण्यात उभ्या करून ठेवाव्या लागतात. बांबूबरोबर फळं आणि पूरक खाद्यही असतं. म्हणूनच इथल्या लेंड्या जंगलातल्यांपेक्षा जरा सैल असणार, हे गृहीत धरून पुढे जावं लागेल.

आणखी एक बघण्यासारखं. नराने ओंडक्यावरचा जुना डाग हुंगला, मग जिभेची खालची बाजू त्यावर टेकवली. जिभेखाली एक बारीक शंकूसारखा उंचवटा असतो, त्याने तो वासाची चव घेतो. तपासणी झाल्यावर मागचा भाग त्याच जागी घासून स्वतःची सही केली आणि गेला. लेंड्यांच्या जागा ठरलेल्या का असतात, याचं उत्तर या कृतीतच आहे. त्या जागा म्हणजे पांडांचे एकमेकांना ठेवलेले निरोप आहेत.

२ ऑक्टोबर, गैरीबास

मानेभंज्यांगवरून गाडीने. पावसाळ्यात तीन महिने बंद असलेलं उद्यान सप्टेंबरच्या मध्यात उघडलं, पण जंगलाला ते कळलेलं दिसत नाही. धुकं, चिखल आणि जळवा. बुटात तंबाखूची पूड भरून निघालो, तरी संध्याकाळी मोजे लाल.

गैरीबास साधारण २,६०० मीटरवर आहे. इथून वर ओक, मॅग्नोलिया, गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि त्यांच्याखाली मालिंगोचं रान. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सिंगालीलातल्या अभ्यासात पांडा दिसण्याच्या सर्वाधिक नोंदी २,८०० ते ३,१०० मीटरच्या पट्ट्यात होत्या, आणि घनता साधारण १.६७ चौरस किलोमीटरला एक प्राणी अशी निघाली होती. आम्ही तोच पट्टा धरला आहे.

मालिंगोत शिरणं म्हणजे चालणं नव्हेच. पाण्याने जड झालेल्या काठ्या दोन्ही हातांनी बाजूला करत, कधी गुडघ्यांवर. आमच्याबरोबरचे दाजू याच उताराखालच्या वस्तीतले. ते पुढे जातात आणि मध्येच थांबून वर बघतात, आम्ही खाली बघतो. पहिला ढीग त्यांनाच दिसला: ओकच्या पडलेल्या खोडावर, शेवाळाच्या गादीवर. वरच्या काही लेंड्या अजून हिरव्या, खालच्या पेंढ्याच्या रंगाच्या, सगळ्यात तळाला नुसता पानांचा चुरा. एकाच जागी तीन वेगवेगळ्या काळांच्या लेंड्या. आमच्या प्रश्नासाठी याहून चांगला नमुना मिळाला नसता.

हिरव्यांपैकी काहींखाली क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले टोचले. ढीग हलवायचा नाही, झाकायचा नाही. प्राण्याची ती चालू जागा आहे. आपण तिथे जास्त वास ठेवला तर तो जागाच सोडेल.

३ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. काम नाही. नोंदी सुकवल्या.

५ ऑक्टोबर, काळीपोखरीच्या वाटेवर

आज पावसाने उसंत दिली. डोंगराच्या धारेवरून चालताना कधी भारतात, कधी नेपाळात. पांडाला ही रेषा ठाऊक नाही, पण त्याचं नशीब दोन्हीकडच्या रानावर आहे. पलीकडे पूर्व नेपाळात इलाम, पाँचथर आणि ताप्लेजुंग जिल्ह्यांच्या जंगलात गावकऱ्यांनाच वनरक्षक म्हणून तयार केलं आहे. ते ठराविक वाटांनी फिरतात, लेंड्या नोंदवतात, शिकारीसाठी लावलेले फासे काढतात. २०१९ साली त्याच भागात दहा लाल पांडांना जीपीएस कॉलर लावल्या होत्या.

वाटेत कुत्री भेटली. मालक कोणी नाही, धाब्यांवरचं उष्टं खाऊन वाढलेली, टोळीने फिरणारी. माझ्या मते या डोंगरात पांडाला बिबट्यापेक्षा कुत्र्याची भीती जास्त. एक तर ती थेट मारतात. दुसरं, डिस्टेंपर, हा कुत्र्यांमधला विषाणूजन्य रोग. या रोगापुढे लाल पांडा फार दुबळा आहे. १९७० च्या दशकात तर जिवंत विषाणू मंद करून बनवलेल्या, कुत्र्यांना चालणाऱ्या लशीनेच प्राणिसंग्रहालयातल्या लाल पांडांना डिस्टेंपर होऊन ते दगावल्याची नोंद आहे. तेव्हापासून पशुवैद्य त्यांना तसली लस टोचत नाहीत, पूर्ण विषाणू नसलेली वेगळी लस वापरतात. म्हणजे गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण हेच पांडाचं लसीकरण. पर्यटकांकडून तिकिटावर काही अधिक घ्यायचंच असेल तर ते यासाठी घ्या.

वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबू कापलेला दिसला, काही ठिकाणी गुरांनी तुडवलेला. तुडवलेल्या पट्ट्यात एकही ढीग नाही.

९ ऑक्टोबर, तुमलिंग

लॉजच्या शेकोटीभोवती ट्रेकर मंडळी. आम्ही काय करतो हे कळल्यावर प्रत्येकाने पांडा पाहिलेला निघाला. एकाने “लांब, पिवळट गळ्याचा, दोघं जोडीने पळत होते” असं वर्णन केलं. ते पिवळ्या गळ्याचे मार्टेन, लांबट अंगाचे छोटे शिकारी प्राणी. दुसऱ्याने भर दुपारी उघड्या गवतात पाहिला. तो कोल्हा असावा. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

यावरून रॉटरडॅमची गोष्ट आठवली. १९७८ च्या डिसेंबरात तिथल्या प्राणिसंग्रहालयातून एक लाल पांडा निसटला. लोकांनी लक्ष ठेवावं म्हणून वर्तमानपत्रांत बातमी दिली. बातमी आली तोवर तो जवळच रेल्वेरुळांपाशी मेलेला सापडलाही होता. तरी नंतर देशभरातून तो दिसल्याचे शंभरावर निरोप आले. अख्ख्या देशात मोकळा फिरणारा लाल पांडा एकही नव्हता आणि तो दिसला मात्र सगळ्यांना! गंमत अशी की जगभरातल्या बंदिस्त लाल पांडांची वंशावळीची नोंदवही त्याच प्राणिसंग्रहालयाकडे असते.

फॉर्ममध्ये ‘ऐकीव दर्शन’ हा रकाना ठेवायचा की काढायचा, यावर कामातल्या जोडीदाराशी वाद झाला. तिचं म्हणणं, काढू नये, कुठे शोधायचं याचा तरी अंदाज येतो. मान्य. रकाना राहील, हिशेबात धरला जाणार नाही.

१७ ऑक्टोबर, दार्जिलिंग

दसैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, गर्दी ओसरली. आज गुरुवार, शांतपणे सगळ्या मांडण्या तपासल्या.

उघड्यावरच्या लेंड्यांचं चित्र स्पष्ट आहे. चकाकी आधी जाते. मग हिरवा रंग उतरून पेंढ्यासारखा होतो. कोरड्या दिवसांत ती कडक होऊन टिकते, पण एका जोरदार सरीत उकलते आणि पानांचे तुकडे पसरतात. म्हणजे उघड्यावर लेंडीचं वय दिवसांत मोजण्यापेक्षा पावसात मोजलेलं बरं. बांबूखालच्या लेंड्या आकार धरून आहेत, पण त्यांच्यावर पांढऱ्या बुरशीची जाळी चढली आहे आणि आत हिरवा रंग अजून शिल्लक आहे. बाहेरून म्हातारी, आतून तरुण. नुसत्या रंगावरून वय ठरवणारा इथे हमखास फसेल. शेवाळावरच्या मातीवरच्यांपेक्षा लवकर विरघळतात, कारण शेवाळ खालून सतत ओल पुरवतं.

त्यामुळे फॉर्ममध्ये ‘ताजी, मध्यम, जुनी’ हे तीन खाने पुरणार नाहीत. चकाकी, बाहेरचा रंग, उकलल्यावर आतला रंग, आकार आणि बुरशी, असे पाच वेगळे रकाने हवेत. भरायला वेळ लागेल. लागू दे.

कीपरदाजूंकडून कळलं की जूनमधली पिल्लं आता आईच्या मागे विण्यासाठी ठेवलेल्या पेटीबाहेर येतात. जन्मतात तेव्हा शंभर-सव्वाशे ग्रॅमची, डोळे मिटलेली, आणि डोळे उघडायला अडीच आठवडे लागतात. एका मादीसाठी एकाहून जास्त पेट्या ठेवतात. तिला एका जागेचा संशय आला की ती पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे हलवते. दुसरी जागाच नसेल तर तोंडात पिल्लू घेऊन येरझाऱ्या घालत राहते आणि त्यात पिल्लू दगावू शकतं. म्हणून त्या काळात पेटीच्या आसपास अनोळखी माणूस फिरकत नाही. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, तेही एक-दोन दिवस. तेवढं हुकलं की वर्ष गेलं.

२६ ऑक्टोबर, गैरीबास

जळवा संपल्या. आकाश स्वच्छ, पहाटे पाण्यावर बर्फाचा पापुद्रा.

बिल्ले लावलेल्या लेंड्या बहुतेक जागेवर आहेत. प्राणिसंग्रहालयातल्या बांबूखालच्या लेंड्यांपेक्षा त्या कितीतरी चांगल्या स्थितीत. इथे थंडी जास्त, कीटक कमी, आणि खाणं निव्वळ पानांचं म्हणून लेंडी घट्ट. अपेक्षित होतं तेच. दार्जिलिंगचा आलेख इथे तसाच्या तसा चालणार नाही, पण बदलांचा क्रम मात्र तोच आहे: आधी चकाकी, मग बाहेरचा रंग, मग आकार, सगळ्यात शेवटी आतला रंग. वेग वेगळा, क्रम एक. आतापर्यंत हातात आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

नव्या ढिगांमध्ये फळांच्या साली आणि बिया सापडल्या, पानांच्या चुऱ्यात लाल-तपकिरी ठिपके. शरदात तो फळांवर ताव मारतो. अशी लेंडी मऊ असते आणि लवकर फुटते. आणखी एक रकाना.

मी गुडघ्यावर बसून अशाच एका लेंडीची लांबी मोजत असताना दाजूंनी खांद्याला हळूच हात लावला. “बैनी, माथि.” म्हणजे वर. मान वर करेपर्यंत फांदी हलत होती, एवढंच. त्यांना हाब्रे, म्हणजे लाल पांडा, पूर्ण दिसला, डोकं खाली करून खोडावरून उतरताना. मागचे घोटे उलटे वळत असल्याने त्याला ते जमतं. त्यांच्याच सांगण्यावरून फॉर्म भरला. ‘ऐकीव दर्शन’ या रकान्यात! दाजू खूप हसले.

७ नोव्हेंबर, दार्जिलिंग

लेंड्यांतून डीएनए काढायचा विचार प्रस्तावात होता, त्यावर आज सरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, प्रयोगशाळेचा खर्च जुन्या लेंड्यांवर उडवू नका. आतड्याच्या पेशी असतात त्या वरच्या चकाकत्या थरात, आणि आमच्या क्रमात तोच सर्वांत आधी जातो. म्हणजे आमचा पहिला रकाना हाच नमुना घ्यायचा की नाही याची कसोटी. चकाकी असेल तर कुपीत, नसेल तर फक्त नोंद.

डीएनएचं महत्त्व इथे नुसतं डोकी मोजण्यापुरतं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हिमालयी आणि चिनी असे लाल पांडाचे दोन वेगळे प्रकार, दोन जाती म्हणण्याइतके वेगळे, असल्याचं दाखवलं. त्यात हिमालयी प्रकारातली जनुकीय विविधता कमी निघाली. त्यांची हद्द अरुणाचलातल्या सियांग नदीच्या आसपास धरतात, म्हणजे भारतात दोन्ही आहेत. सिंगालीलातले सगळे हिमालयी. प्राणिसंग्रहालयांनी जोड्या जमवताना हे दोन प्रकार मिसळू द्यायचे नसतात, म्हणून नोंदवहीत प्रत्येकाचे आईबाप लिहिलेले असतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा प्राणी संकटग्रस्त, आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्या मांडण्यांचे फोटो क्रमाने लावून भिंतीवर चिकटवले. कीपरदाजूंना तारखा झाकून दाखवले आणि लावायला सांगितले. ताज्या आणि अगदी जुन्या त्यांनी बिनचूक ओळखल्या. मधल्यांमध्ये बांबूखालच्या आणि उघड्यावरच्या यांची सरमिसळ झाली, आमची झाली असती तशीच. आतला रंग दाखवल्यावर बरीचशी सुटली.

त्यांनीच मग २००३ ची आठवण काढली. इथेच जन्मलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून सिंगालीलात सोडल्या होत्या. मिनी शिकारी प्राण्याच्या तोंडी गेली. स्वीटीने पुढच्या वर्षी जंगलात पिल्लाला जन्म दिला. कॉलरची बॅटरी कधीतरी संपते, मग प्राणी आहे की नाही हे कळायला लेंडीवाचून दुसरा मार्ग उरत नाही. अलीकडच्या वर्षांतही इथून पांडा जंगलात सोडले आहेत. सोडलेल्या प्राण्याच्या प्रदेशात चकाकी असलेली लेंडी सापडली तर ती त्याचीच का, हे कुपी सांगू शकेल. वन विभागाला द्यायच्या टिपणात हा मुद्दा पहिल्या पानावर घेतला आहे.

बाकी राहिलेलं: हिवाळ्याची मांडणी. बर्फाखाली लेंडी किती काळ तशीच राहते, हे कळल्याशिवाय मार्चमधले ढीग वाचता येणार नाहीत. गैरीबासच्या वरचे बिल्ले बर्फात गाडले जातील, म्हणून शेजारच्या खोडांवर लाल फिती बांधायच्या आहेत. दाजूंनी फिती नकोत म्हणून सांगितलं, ट्रेकर सोडून नेतात. ते खोडाच्या उताराकडच्या बाजूला, वाटेवरून दिसणार नाही अशा जागी खुंट्या ठोकणार आहेत. फॉर्मची नवी प्रत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापून त्यांच्याकडे पोचवायची, रकाने नेपाळीत.